वरच्या खोलीतला दवाखाना

शालिनीताई पेशंट तपासायच्या त्या कोटांच्या ढिगावर. थट्टा नाही करत. अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात थंडी अशी, की एप्रिल उजाडला तरी कोटाशिवाय कुणी दाराबाहेर पडत नाही. घरी पार्टी असली की पाहुण्यांचे कोट वरच्या बेडरूममध्ये पलंगावर टाकायचे, ही इथली पद्धत. शालिनीताईंच्या घरचा तो पलंग तर कमरेएवढा उंच व्हायचा. जेवणं आटपत आली की कुणीतरी त्यांच्या कानाशी लागायचं. सासूबाई इंडियाहून आल्यात, जरा बीपी बघता का? ताई हातातली खिरीची वाटी तिथेच ठेवायच्या, गाडीतून स्टेथोस्कोप मागवायच्या आणि त्या म्हातारीला वर नेऊन कोटांवर आडवी करायच्या. तिच्यामागून दुसरी. जिन्यावर ही रांग.

रांगेत कोण असायचं? मुलांकडे आलेले आईवडील, कारण त्यांचा तो ट्रॅव्हल इन्शुरन्स पाय मोडला तर चालतो, पण जुनं दुखणं म्हटलं की हात वर करतो. शिकायला आलेली पोरं. आणि मोटारींच्या कंपनीतून ले-ऑफ झालेले आमचेच इंजिनिअर. इथे नोकरी गेली की विमाही तिच्याबरोबर जातो. म्हणजे माणसाचं घर बसलं, झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, नेमकं तेव्हाच डॉक्टर बंद. ज्याच्या डोक्यातून ही व्यवस्था निघाली त्याला मला एकदा बघायचंय. चहासुद्धा विचारणार नाही.

शालिनीताई नागपूरच्या. बुटक्या, गोऱ्या, कानात मोत्यांच्या कुड्या आणि आवाज असा की फोनची गरज नव्हती. मोठ्या हॉस्पिटलात जन्म घालवलेला. वर कोटांवर त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. पोट दाबून, पापणी ओढून, गुडघा वाकवून झाला की म्हणायच्या, "हे इकडे नको हं. तिकडे जाऊन करून या." मोतीबिंदू तिकडे, हर्निया तिकडे, दाढा तिकडे. आमच्या गावातली निम्मी गुडघेदुखी त्यांच्या शब्दावर विमानात बसून पुण्या-नागपूरला गेली.

आणि जिना उतरून खाली आल्या की हॉलमध्ये दुसरं वाक्य. "अशी ट्रीटमेंट जगात कुठे मिळत नाही. सरकारच्या हातात दिली की वाटोळं झालं म्हणून समजा." दोन वाक्यांमध्ये अंतर एका जिन्याचं. मी एकदा त्यांना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मंदा, तू पोळ्या छान करतेस, पण तुला पॉलिटिक्स कळत नाही."

नाही कळत, बरं. मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. पण त्या हॉलमध्ये मी किती पुढारी जेवताना पाहिले! ताई लालवाल्यांनाही, म्हणजे रिपब्लिकनांना, बोलवायच्या आणि निळ्यांनाही, म्हणजे डेमोक्रॅटांना. कोणी का निवडून येईना, ओळख असावी, असा त्यांचा हिशेब. लाल आला की कोट काढायच्या आधी स्वातंत्र्यावर बोलायचा. प्रत्येकाला आपला विमा निवडायचं स्वातंत्र्य. आमच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना काहीच न निवडायचं स्वातंत्र्य होतंच, ते त्याला कुणी सांगितलं नाही. निळा आला की छातीवर हात ठेवून म्हणायचा, आरोग्य हा माणसाचा हक्क आहे. टाळ्या पडायच्या. पुढच्या निवडणुकीला तोच यायचा, हात त्याच जागी ठेवायचा, तेच म्हणायचा. साबुदाणा वडा खाताना मात्र दोघं सारखेच दिसायचे. दोघांनाही चटणी तिखट लागायची.

सगळ्यांना विमा हे कधी होणार नाही, हे मला त्या हॉलमध्ये बसून समजलं. कायदा करणारे, त्यांना पैसा पुरवणारे, टाळ्या वाजवणारे, सगळ्यांकडे विमा. इथल्या म्हाताऱ्यांना पासष्टीनंतर सरकारचा आहे, तो दुसऱ्याला दिला तर आपला पातळ होईल ही त्यांना धास्ती. उरले ते मतदानाच्या दिवशी दोन-दोन नोकऱ्या करत असतात. आणि आमची मराठी मंडळी! "माझं कव्हर एकदम सॉलिड आहे यार," असं सांगताना जणू ते त्यांनी स्वतः विणलंय. कंपनीने दिलंय रे बाबा, कंपनी शुक्रवारी काढून घेईल. शुक्रवारी काढून घेतलं की तोच सोमवारी कोटांवर.

शालिनीताईंची पासष्ट पूर्ण झाली आणि त्यांनी सरकारी विम्याचं कार्ड घेतलं, लगेच. मला पर्समधून काढून दाखवलंसुद्धा. मी विचारलं, काय हो, वाटोळं करून घेतलंत का? म्हणाल्या, मी जन्मभर टॅक्स भरलाय. मग बाकीचेही भरतील की, म्हटलं. त्यावर पुन्हा माझ्या पोळ्यांचं कौतुक.

तर अशा या बाई. आता कुंदाचं सांगते, म्हणजे त्या पुऱ्या कळतील.

कुंदा माझी धाकटी बहीण. तिच्या ग्रीन कार्डासाठी मी अर्ज केला तेव्हा तिचा नवरा होता, कार्ड हातात आलं तेव्हा नव्हता. आली, माझ्याकडे राहिली आणि जवळच्या इंडियन ग्रोसरीत पोळ्या लाटायला जाऊ लागली. दुकानाचा मालक भला होता, पण विमा द्यायचा नाही. नवीन आलेल्यांनी दोन महिन्यांत आपापला विमा घ्यायचा असतो, हे आम्हांला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. सरकारी मदत मिळायला कार्ड पाच वर्षं जुनं लागतं. तिचं नवंकोरं.

मार्चमध्ये एकदा अंघोळ करून आली आणि म्हणाली, "अक्का, इथे हात लाव बरं." काखेच्या खाली, छातीच्या कडेला गाठ होती. मऊ नव्हती. मी म्हटलं, ताईंना दाखवू. ती म्हणाली, डिसेंबरात पुण्याला जाणारच आहे, तेव्हा बघू. सगळ्या दुखण्यांची मोट बांधून इंडिया ट्रिपला न्यायची, ही आमच्या लोकांची सवयच झालीये.

त्याच शनिवारी ताईंकडे कुणाचं तरी डोहाळजेवण होतं. मी कुंदाला ओढत वर नेली. ताईंनी मला दार लावायला सांगितलं. त्यांचा हात त्या गाठीवर गेला आणि तिथेच थांबला. डोळे मिटून पुन्हा एकदा चाचपलं. मी वाट बघत होते त्या नेहमीच्या वाक्याची. ते आलं नाही. त्यांनी कुंदाचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "डिसेंबर नाही. या आठवड्यात."

पुढचे तीन आठवडे शालिनीताईंनी स्वतःच्या हॉस्पिटलचे उंबरे झिजवले. नाव त्यांचं, खुर्ची त्यांची, पण काउंटरवरची मुलगी पहिला प्रश्न तोच विचारायची, विमा कुठला? नुसत्या तपासणीचं ताईंच्या एका मैत्रिणीने जमवलं आणि नको तेच निघालं. मग ऑपरेशन, किरणं, औषधं. मी म्हटलं, भरू आम्ही, घर आहे, मुलगा आहे, किती ते सांगा. कुणी आकडाच सांगेना! भाजीवाली भाव सांगते, सोनार सांगतो, हे म्हणतात आधी करा, मग कळेल. आणि विमा? तो मिळेल, पण घ्यायची मुदत नोव्हेंबरात, लागू जानेवारीपासून. म्हणजे त्या गाठीला समजावून सांगायचं, बाई गं, जरा नाताळ होऊ दे.

तेव्हा ताईंना त्यांच्या ओळखी आठवल्या. त्या निळ्या काँग्रेसमनच्या, म्हणजे आमच्या भागाच्या खासदाराच्या, ऑफिसला फोन केला. याच माणसाने त्यांच्या सोफ्यावर बसून तीनदा वडे खाल्ले होते. एका मुलाने गोड आवाजात नाव लिहून घेतलं आणि 'वुई विल लुक इन्टू इट' म्हणाला. ताई रोज फोन करायच्या. आवाज रोज तितकाच गोड.

योगायोग असा, की त्याच महिन्यात त्याच माणसाची सभा ताईंच्या हॉलमध्ये आधीच ठरलेली. मला वाटलं, कॅन्सल करतील. नाही केली. मी आणि कुंदा मागे जिन्याच्या पायरीवर बसलो. त्याने छातीवर हात ठेवला, हक्काचं ते वाक्य म्हटलं, टाळ्या झाल्या. आणि शालिनीताई उभ्या राहिल्या, स्वतःच्याच हॉलमध्ये, हात वर करून, शाळेतल्या मुलीसारख्या. त्यांनी कुंदाचं नाव घेतलं नाही. एका पेशंटची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं आणि विचारलं, तुम्ही सगळ्यांसाठी एक विमा आणणार का आणि कधी?

तो म्हणाला, "दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन." मग समजावत बसला. तो मनापासून बाजूने आहे. पण मतं जुळत नाहीत. या वर्षी नाही, निवडणुकीचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी नाही, नवी माणसं येतील, त्यांना वेळ द्यावा लागेल. पायरी पायरीने जायला हवं. इतकं गुळगुळीत बोलत होता की त्याला कुठे पकडायचं तेच कळेना. मला लाल माणूस बरा वाटला त्या दिवशी. तो निदान तोंडावर नाही म्हणतो.

ताई म्हणाल्या, "पहिली पायरी सांगा. एकच."

त्याच्या मदतनिसाने घड्याळाकडे बघितलं. आणि आमच्यातले एक देशपांडे म्हणून आहेत, दोन घरं भाड्याने दिलेले, ते मराठीतून पुटपुटले, "ताई, पर्सनल विषय नको इथे. इंप्रेशन काय पडेल?" मी पायरीवरून उठलेच होते. कुंदाने पदर धरून बसवलं.

सभा संपल्यावर ताई आमच्याजवळ येऊन पायरीवर बसल्या. कुंदाचा हात हातात घेतला आणि तेच वाक्य म्हणाल्या, तिकडे जाऊन करून ये. जगातली सर्वोत्तम ट्रीटमेंट त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर होती आणि त्या पेशंटला सात समुद्र ओलांडायला सांगत होत्या. सोमवारच्या विमानात त्या स्वतः कुंदाशेजारी बसून गेल्या. पुण्यात तिचं ऑपरेशन होईपर्यंत थांबल्या. तिथल्या डॉक्टरांनी आकडा पहिल्याच दिवशी सांगितला.

कुंदा वाचली. उशीर झाला होता, पण फार नव्हता. मात्र औषधं लांबली, मग दर तीन महिन्यांनी तपासणी आली, आणि वर्षाहून जास्त बाहेर राहिलं की ग्रीन कार्ड जातं. इथे येऊन कार्ड राखायचं की तिथे राहून उपचार राखायचे, असा प्रश्न होता. कुंदाने कार्ड परत केलं. ज्याच्यासाठी आम्ही एवढी वर्षं वाट बघितली ते.

ताई बदलल्या का, असं मला विचारतात. पुढच्या निवडणुकीला हॉल पुन्हा उघडला. मी चिडून विचारलं, एवढं होऊनसुद्धा? म्हणाल्या, "अगं, मागितला, नाही कसं म्हणू?" शेवटपर्यंत असंच. फक्त सर्वोत्तम ट्रीटमेंटचं ते वाक्य मी नंतर त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आणि सभा सुरू झाली की त्या वर जायच्या, खाली भाषण चालू असेपर्यंत पेशंट तपासत बसायच्या. दर रविवारी कुंदाला फोन, तिचा प्रत्येक रिपोर्ट आधी ताईंकडे, मग माझ्याकडे.

गेल्या शरद ऋतूत शालिनीताई झोपेतच गेल्या. फ्यूनरल होममध्ये अंत्यदर्शनाला सगळं गाव लोटलं होतं. जिन्यावरच्या रांगेतले कितीतरी होते, मला चेहरे ओळखू येत होते. कुंदाला येता आलं नाही. आता तिला व्हिजिटर व्हिसा लागणार, आणि मुलाखतीची तारीखच किती महिन्यांनंतरची. म्हणून मी व्हिडिओ कॉल लावून फोन हातात धरून उभी होते.

इतक्यात काँग्रेसमन साहेब आले, दोन मदतनीस घेऊन. माइकपाशी गेले, छातीवर हात ठेवला. म्हणाले, सर्वांना आरोग्यसेवा मिळावी म्हणून डॉक्टर आयुष्यभर झटल्या, त्यांनीच मला प्रेरणा दिली, हा लढा मी पुढे नेईन. अंत्यदर्शनात कुणी टाळ्या वाजवतं का? देशपांड्यांनी वाजवल्या. कुंदाला ऐकू यावं म्हणून मी फोन त्या माणसाकडे वळवला होता.

फोनमधून कुंदाचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "अक्का, तो नको दाखवूस. ताईंपाशी ने मला."

मी नेलं. तो बोलतच होता.