बाबांची रायफल

शेजारी दाराला जवसाचं तेल लावत होते. तो वास आला आणि बाबांची रायफल आठवली. बाबा गेल्यावर लायसन्स माझ्या नावावर झालं, आणि चापाखालची कडी ओढून गोळी भरायची ती जुनी, गंजलेली रायफल नवघरच्या आमच्या घरात माझ्या ताब्यात आली. ऑफिसातून आले की मी गॅलरीत बसून पॉलिश पेपरने तिचा लाकडी दस्ता घासायचे. एका रविवारी काका आले. "पोरीच्या हातात बंदूक शोभत नाही. दादाच्या नावावर करून टाक." मी घासतच राहिले. "बाबांनी नेम मला शिकवला, काका. दादाला नाही." "अगं, लोक हसतील!" "हसू देत." तेवढ्यात आई आतून आली. मला वाटलं, आता ही माझीच समजूत घालणार. तिने जवसाच्या तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि काकांना म्हणाली, "भावजी, चहा घेऊन जा. रायफल इथेच राहतेय." काका चहा न घेताच निघाले. मी दस्त्यावर तेलाचा पहिला हात फिरवला, तशा काळपट लाकडातून तांबूस रेषा वर आल्या. आई वाकून बघत राहिली. आजही लायसन्स रिन्यू करायला गेले की रांगेतलं कुणीतरी विचारतंच, "मॅडम, किसकी है? साहब की?" मी मान वर करून सांगते, "मेरी है."