शून्याच्या जागी पाच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — पण सुरुवात कुठून करू?

मातीची ताकद मोजायचं काम करतो मी. बोअरमध्ये लोखंडी दांडा सोडायचा, ठरलेल्या उंचीवरून त्यावर जड हातोडा टाकायचा आणि दांडा फूटभर खाली जायला किती ठोके लागले ते लिहायचं. ठोके जास्त, तर माती घट्ट. चिकणमाती किती भार पेलेल याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधतात — आणि त्यावर इमारतीचा पाया.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ओळख नाही, शिफारस नाही, तरी ठाण्यात माती तपासायची कंपनी चालवणाऱ्या साहेबांनी नोकरी दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही.

डोंबिवलीत खाडीकडच्या एका प्लॉटवर मला पहिल्यांदा एकट्याला पाठवलं. मशीनवर वसंतकाका — आंबिवलीचे, या कामात केस पिकलेले. सहा मीटरवर काळा, कुजकट वासाचा चिखल लागला. हातोडा नुसता टेकवला आणि दांडा आपोआप खाली गेला.

"शून्य लिहा साहेब," काका हसले. "मारायच्या आधीच गेला की तो!"

शून्य? शाळेत शून्य म्हणजे पोराला काहीच आलं नाही. मला वाटलं, ऑफिसात हसतील — याला साधी टेस्ट घेता येत नाही. फोन खिशात होता, विचारता आलं असतं. विचारलं नाही. पाच लिहिलं. त्याखाली चार, मग सहा. वेगवेगळे, खरे वाटावेत म्हणून — एवढी अक्कल मात्र होती.

चार मजले चढले. लोक राहायला आले. वर्षभरात एक बाजू खचली, भिंती तडकल्या, दारं लागेनात. कुटुंबं सामान बांधून बाहेर पडली. कुणी मेलं नाही — हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल?

साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. आणि मी म्हणालो, "ठोके काकांनी मोजले. त्यांनी सांगितलं ते मी उतरवलं."

किळस येते ती इथे. त्या आकड्यांची येतेच, पण माझ्या आवाजाची जास्त. तो जरासुद्धा कापला नाही.

"अहो साहेब, मी शून्य म्हटलेलं ना तुम्हाला?" काका माझ्याकडे बघून म्हणाले. तेव्हाही मला साहेबच म्हणत होते.

"वसंत, तू गप," साहेब ओरडले. "गावाकडचा सरळ मुलगा आहे हा. हा खोटं लिहिणार?"

मी मान खाली घातली — सरळ मुलगा घालतो तशी. आईबापांनी, मास्तरांनी जे चांगलं माझ्यात घातलं होतं, ते सगळं पुढे केलं आणि त्याच्याआड लपलो. याहून घाणेरडं काय असतं?

काकांना त्याच दिवशी काढलं. पुढे कुणीच त्यांना मशीनवर घेतलं नाही. खचलेली ती इमारत त्यांच्या नावाला चिकटली होती. मला बढती मिळाली. मी ती घेतली.

काका आहेत अजून. आंबिवली स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर आहे त्यांचं. मी एकदाही गेलेलो नाही.