उंबऱ्याबाहेरची प्रार्थना

२०१९ साल उजाडलं तेव्हा तलासरीकडे जमीन पुन्हा पुन्हा हादरत होती. पाड्यावरची माणसं घरं सोडून ताडपत्रीखाली राहत होती. डहाणूच्या आमच्या चर्चकडून मी तिथे चादरी वाटायला गेले होते. एका घरात मात्र अजून माणसं होती. सून चार दिवसांची बाळंतीण, आणि पाचवी पुजल्याशिवाय बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, असा त्या घरचा रिवाज. सासू तिच्या सोबतीला बसली होती. भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती.

मला रागच आला. पाचवीपायी काय जीव द्यायचा? चादर उंबऱ्यावरून आत सरकवली आणि अंगणातूनच मोठ्याने प्रार्थना केली, की कुष्ठरोग्याला हात लावून बरं करणारा प्रभू येशू तुमच्याजवळ आहे, भिऊ नका. डोळे मिटायचं धाडस काही झालं नाही. ते त्या भेगेवरच होते.

म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो हात लावायचा ना? मंग तू पण आत ये. पोराच्या डोक्यावर हात ठेव."

मी चपला काढायला वाकले आणि जमीन गुरगुरली. कौलं खडखडली. चपला तिथेच टाकून मी अंगणाच्या टोकाला पळाले.

हादरा थांबल्यावर वळून पाहिलं. म्हातारी बाळ-बाळंतिणीवर ओणवी झाली होती, केसांत भिंतीची माती. तशीच मान वर करून तिने मला विचारलं, "तुला लागलं नाय ना, बाय?"