डावा डोळा आणि सातवी नस

यवतमाळात मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना मेंदूतून निघणाऱ्या नसा अभ्यासाला आल्या. त्यातली सातवी, चेहरा हलवणारी, मी इतकी मन लावून पाठ केली की तिनं माझ्याविरुद्धच संप पुकारला. सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं. आरशात पाहिलं तर अर्धं तोंड माझं, अर्धं कुणा दुसरीचंच.

फुलसावंगीला आईला फोन केला. ती आधी रडली, मग चिडली. "तू तं तेच शिकून राह्यली नं? मंग तुलेच काहून झालं?" याचं उत्तर आमच्या जाडजूड पुस्तकात नव्हतं. मावशीनं लकवा ठरवून टाकला आणि मुलाकडचे बघायला यायच्या आत तोंड सरळ व्हावं म्हणून नवसही बोलली. कोणता मुलगा, हे मला अजून कळायचं होतं.

होस्टेलवर मात्र माझा भाव वधारला. परीक्षा जवळ आलेली. मैत्रिणी यायच्या, "कशी आहेस?" विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता सांगायच्या, भुवई उचल, गाल फुगव, शीळ वाजव. डिसेक्शन हॉलमधल्या प्रेताला फॉर्मलिनचा वास येतो, शिवाय ते हसून दाखवत नाही. मी निम्मं तरी हसायचे, वर चहा पाजायचे.

डॉक्टर म्हणाले होते, बहुतेकांचं बरं होतं. उरलेल्यांत मी असले तर? डावा डोळा मिटायचाच नाही, पट्टी चिकटवून झोपावं लागे. पुढे पुढे मी आरशात बघणंच सोडून दिलं.

तोंडी परीक्षेला सरांनी मला पाहिलं आणि ते खुलले. वर्षभर त्यांनी माझं नाव विचारलं नव्हतं. बाहेर थांबलेल्या मुलांना त्यांनी आत बोलावलं, माझी हनुवटी खिडकीकडे वळवली.

"आता बघा, ही डोळे मिटेल. उजवा मिटेल, डावा उघडाच राहील आणि बुबुळ वर जाईल. मिट गं."

मी डोळे मिटले. दोन्हीकडे अंधार झाला.

"अरे," सर हिरमुसून म्हणाले, "ही तं बरी होऊन राह्यली. चला, पुढचा कोण आहे? उघड गं डोळे."

त्यांनी दोनदा सांगितलं. मी उघडले नाहीत.