मागची एक सीट

कल्याण-शीळ रस्त्यालगत जुन्या गाड्या विकणाऱ्याचं एक आवार आहे. तिथे एका लांब व्हॅनच्या मागच्या भागात मी एकदा स्वतःला दुमडून बसवून दाखवलेलं. गुडघे छातीशी, मान खाली, पाठ पत्र्याला. वर हसत म्हणालो पण, "मावतो बघा मी." आजही त्या रस्त्याने जाताना मी दुसऱ्या बाजूला बघतो.

मी सर आणि ताईंकडे काम करतो. नवरा-बायको दोघं बाळकुमला राहतात आणि शनिवार-रविवारी वसईच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग शिकवतात. म्हणजे लांब फळीवर शीड उभं करायचं आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून पळायचं. आमच्या हिंगोलीकडे हे सांगितलं की लोक विचारतात, "पण कशासाठी?" मलाही आधी तेच वाटलेलं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे कामासाठी ठाण्याला आलो, टेम्पोवर हमाली करायला लागलो आणि एकदा ह्यांच्या फळ्या चढवायला गेलो. ओरखडे पडू नयेत म्हणून दोन फळ्यांच्या मधे मी माझी अंगावरची चादर घातली. ताईंनी ते बघितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी टेम्पोवाल्याला फोन केला, तोच मुलगा पाठवा. असं करत करत मी त्यांच्याकडेच लागलो. फाटलेलं शीड शिवायला शिकलो. सरांनी मला पोहायला शिकवलं, ते सुद्धा न हसता. ताईंना मॅडम म्हटलेलं चालत नाही, आणि त्यांच्या घरून मी कधी उपाशी गेलेलो नाही.

तेव्हा सर-ताई स्कूटरने पुढे जायचे आणि मी भाड्याच्या टेम्पोत, सामानाबरोबर. टेम्पोवाला दर वेळी उशिरा यायला लागला तसे सर वैतागले. "बास झालं. आता आपली एखादी जुनी व्हॅन घेऊन टाकू." आपली म्हणाले. ते ऐकून बरं वाटलं, पण पुढचंही ऐकू आलं. "सामान चढवायचं मी बघेन, उतरवायला शिकायला येणारी पोरं आहेतच की."

ठाकुर्लीच्या खोलीवर त्या रात्री मला झोप लागली नाही. टेम्पो बंद म्हणजे टेम्पोतली माझी जागा बंद. तिकडे पोरं उतरवणार. मग मी कशाला लागतो? शीड काय रोज फाटत नाही. सरळ विचारायला हवं होतं. पण ज्यांनी एवढं केलं त्यांच्यासमोर उभं राहून "माझं काय" म्हणायचं, हे तोंडातून निघेना.

व्हॅन बघायला त्यांनी मला सोबत नेलं. माझ्याकडे सुतळी होती. सर्वांत मोठ्या फळीच्या लांबीची कापलेली, आणि शिडाची काठी दोन तुकड्यांत सुटते, त्यातला एक तुकडा जिथे संपतो तिथे एक गाठ. टेप वाकतो, सुतळी खोटं बोलत नाही, असं ताईंचं म्हणणं. पहिली गाडी ठाकुर्लीतच होती, बाहेरून चकाचक. सरांनी आतलं रबर उचललं तर खालचा रस्ता दिसला. "आमचं सामान खाऱ्या पाण्याचं आहे हो," ते मालकाला म्हणाले, "ही दिवाळी नाही बघायची."

मग कल्याणची ती लांब व्हॅन. आधी बेकरीचा माल न्यायची, आत अजून पावाचा वास येत होता. मी सुतळीचं एक टोक मागच्या दाराशी धरलं, ताईंनी दुसरं पुढे नेलं. सगळी मावली, वर हातभर जागा उरली. दार लावून बघितलं, लागलं. ताई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. "अहो, काठ्यांसकट! बाहेर काही बांधायला नको!"

यार्डवाला खूश. "साहेब, डोळे झाकून घ्या. पार्टी ओळखीची आहे, गाडीने फक्त पाव वाहिलेत."

मी पुढे जाऊन बघितलं. पुढे दोन सीट होत्या. एक सरांची, एक ताईंची. मधे पत्र्याची भिंत.

"मागे कोणाला बसता येईल का हो?" मी यार्डवाल्याला हळूच विचारलं.

तो हळू बोलणारा नव्हता. "अरे भाऊ, गुड्सची गाडी आहे! माल बसतो, माणूस नाय बसत."

सर-ताईंनी वळून बघितलं. मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "नाही, बसतो माणूस. फळ्या एका अंगाला उभ्या लावल्या की इकडे जागा उरते." आणि चढलो आत. बसलो तसा, आणि ते म्हणालो, मावतो बघा मी.

यार्डवाला पोट धरून हसला. "साहेब, ह्याचं माप कुठल्या गाठीला? पार्सल करून नेताय काय वसईला?"

सर हसले नाहीत. ताईंचा चेहरा एकदम लाल झाला. "उतर," त्या म्हणाल्या. "उतर आधी. उतर म्हणते ना!"

मला वाटलं, चिडल्या. त्यांच्या व्यवहारात मी तोंड घातलं. खाली उतरून सुतळी गुंडाळत उभा राहिलो. ते दोघं बाजूला जाऊन बोलत होते, पण आवाज येत होता. "तुझ्या डोक्यात तरी आलेलं का?" सर विचारत होते. ताई म्हणाल्या, "नाही ना. तेच तर."

तेव्हा कळलं. त्यांनी मला काढून टाकलं नव्हतं. मोजताना मी त्यांच्या ध्यानातच आलो नव्हतो, आणि हे त्यांना माझ्यादेखत कळलं होतं. काढलं असतं तर मी सोसलं असतं. पण एवढ्या चांगल्या माणसांना खाली बघायला लावायचं, ते पण एका परक्या हसणाऱ्या माणसासमोर, ह्याची मला जी लाज वाटली ती कुठे ठेवू कळेना.

सर परत आले. "मागे एक सीट ठेवता येईल अशी काय आहे तुमच्याकडे?"

"आहे ना. पण तुमचं सामान नाय बसणार, साहेब. आत्ता तर दोरी लावून बघितलीत."

"बसवू."

"सर, हीच घ्या," मी म्हटलं. "मी लोकलने येईन. आधी दादर, मग वसई."

"सामान बाळकुमला चढतं. तू ठाकुर्लीहून दादरला जाणार, तिथून वसईला. कितीला निघशील?"

"निघेन लवकर."

"तू गप्प बस रे," ताई म्हणाल्या. ह्या वेळी आवाज साधा होता.

दुसरी व्हॅन आखूड होती. सीट ठेवून सुतळी लावली तर टोक पुढच्या दोन सीटच्या मधून गिअरवर आलं. सर स्टिअरिंगला बसले, ताईंनी टोक त्यांच्या डाव्या कोपराशी धरलं. सरांनी हात हलवून बघितला, कोपर आपटला, परत हलवून बघितला. "चालेल," म्हणाले. तीच घेतली.

आईला फोनवर सांगितलं तर तिने आधी विचारलं, "तुला बसाया जागा हाय का त्यात?" मी म्हटलं, "खिडकीपाशी."

खिडकीपाशीच आहे. पण दर शनिवारी घोडबंदर रोडला लागलो की खड्ड्याखड्ड्याला ती फळी पुढे सरकते आणि सरांच्या कोपराला लागते. ते कोपर चोळतात आणि पुढचा गिअर टाकतात. ताई पाय एका बाजूला घेऊन अर्ध्या वळून बसतात, वसईपर्यंत. लांब गाडी असती तर दोघं आरामात गेले असते. ब्रेक लागणार असं दिसलं की मी मागून फळीचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून धरतो.

"सोड रे," सर आरशात बघून म्हणतात. "हात दुखतील. गाणी ऐक, बाहेर बघ जरा."

मी हो म्हणतो, आणि पुढचा सिग्नल यायच्या आत पुन्हा पट्टा धरतो.