काकूंचं गाळणं आणि माझा फ्लॅशबॅक अरेस्टर

भुताखेतांच्या अनुभवांचा हा धागा मी दीड-दोन वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर हसायला वाचतोय. आपोआप उघडणारं दार, गाडीला हात करणारी बाई... वाचायचं, मनातल्या मनात तीन शक्यता काढायच्या आणि चहा प्यायचा. साताऱ्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. गावोगावच्या कार्यक्रमांत तळहातावर कापूर पेटवणारा, नारळातून करणी काढून दाखवणारा मास्तर म्हणजे मीच. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण गेल्या मे महिन्यात जे झालं त्याच्याही तीन शक्यता काढून झाल्या, आणि तिन्ही फेल गेल्या. आता तुम्ही बघा.

रिटायर झाल्यावर मी सांगलीला मुलीकडे आलो. शाळांमधून दाखवायला हायड्रोजनचा एक छोटा संच करायचा, हे कित्येक वर्षं डोक्यात होतं. पाण्यात वीज सोडायची, गॅस काढायचा आणि तो पेटवून दाखवायचा. पाण्यातून आग निघते म्हटल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाबा, हे घरात नाही." तिचं बरोबरच होतं. मग शोधाशोध करून माधवनगरला पद्माकाकूंच्या घरामागची शेड भाड्यानं मिळाली. पूर्वी तिथं त्यांचे चार माग चालायचे. आता नुसती पत्र्याची शेड, मी बसवलेला एक खडखड्या एक्झॉस्ट फॅन, आणि दारापासून वीस-पंचवीस पावलांवर विहीर. मध्ये शहाबादी फरशी. ही फरशी लक्षात ठेवा.

आता थोडं शास्त्र, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हा गॅस पेटवला की कधीकधी ज्योत नळीतून उलटी आत शिरते. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती गॅसच्या डब्यापर्यंत पोचते आणि डबा फुटतो. तसं होऊ नये म्हणून मध्ये जो अडसर घालतात त्याला फ्लॅशबॅक अरेस्टर म्हणतात. तो विकत मिळतो, पण मला हौस — घरीच करायचा! प्लंबिंगचा हातभर लांब, जाड पांढरा पाइप उभा केला, त्यात पाणी. गॅस खालून येतो, पाण्यातून बुडबुडे होऊन वर निघतो आणि वरच्या बारीक नळीच्या तोंडाशी जळतो. वरचं झाकण मुद्दाम सैल. ज्योत उलटी आलीच तर पाण्यापाशी विझते, झाकण उडतं, संपलं. म्हणजे सगळा खेळ त्या पाण्यावर. पाणी असेल तर नुसता 'ठप्प' असा आवाज. नसेल तर समोरच्याचे डोळे गेले समजा. (माझं वाचून कुणी हे घरी करायला जाऊ नका. का, ते पुढं कळेलच.)

पद्माकाकू पंच्याहत्तरीच्या. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवण, आणि पाणी गाळल्याशिवाय पाय धुवायलासुद्धा घ्यायचं नाही. शेड घेतल्यावर आठवड्याभरात एका सकाळी बघतो तर माझा पाइप कोरडा, पायरीवर उलटा ठेवलेला.

"काकू, यातलं पाणी तुम्ही ओतलंत?"

"व्हय. शिळं झालं हुतं. ठेवल्याल्या पाण्यात जीव पडत्यात."

"अहो, पण ते कुणी प्यायचं नाहीये."

"आवं मास्तर, कुणी पिणार हाय का न्हाई ते बघून पडत्यात व्हय जीव?"

शेवटी तह झाला. संध्याकाळी त्यांनी पाइप रिकामा करायचा, सकाळी विहिरीचं पाणी गाळून भरायचा, आणि भरून झालं की गाळणं — म्हणजे गाळायचं फडकं — पाइपाच्या वर भिंतीतल्या खिळ्याला वाळत टाकायचं. फडकं खिळ्यावर दिसलं तर पाणी भरलेलं. नसेल तर मी बटणाला हात लावायचा नाही. ते फडकं त्यांच्याच मागावरचं, दुपदरी, हिरव्या काठाचं, एका कोपऱ्याला लाल दोऱ्यानं रफू केलेलं.

दहा महिने हे बिनबोभाट चाललं. आणि मी आळशी झालो. आतलं पाणी बघायचं तर झाकण काढावं लागतं. ते मी सोडून दिलं. फडकं दिसलं की बटण. "स्वतःच्या डोळ्यांनी बघा" हे मुलांना सांगण्यात जन्म गेला आणि स्वतः फडक्यावर विसंबायला लागलो.

काकूंचं गाळणं मात्र कधी झटपट झालं नाही. पाणी गाळायचं, मग गाळलेल्याच पाण्यानं फडकं उलटं खळाळायचं, आणि त्यात अडकलेले बारीक जीव विहिरीत परत सोडायचे. त्याला त्या जिवाणी म्हणतात. तीही वरून ओतायची नाही, जिवांना मार लागतो. तळाला कडी असलेली एक छोटी बादली होती. ती दोरीनं पार पाण्यापर्यंत सोडायची आणि तिथं अलगद उलटी करायची. मी दारात घड्याळ बघत उभा.

एप्रिलअखेर एकदा दोन शाळांचे शिक्षक संच बघायला आले होते, आणि फडकं काही खिळ्यावर येईना. तासभर ताटकळलो. मग माझं डोकं फिरलं. पाहुण्यांसमोर म्हणालो, "काकू, तुमच्या या गाळण्यापायी एक दिवस माझा जीव जाईल."

त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "गाळल्याल्या पाण्यानं कुणाचा जीव गेल्याला मी तरी ऐकला न्हाई."

त्यानंतर त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. माफी मागायचं मी आज-उद्या करत राहिलो. मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी विहिरीपाशी बादली आपटल्याचा आवाज आला. पळत गेलो तर काकू फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं होतं. पाणी कुणासाठी काढत होत्या? माझ्या पाइपासाठी. ॲम्ब्युलन्स आली, त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, तरी मुठीतलं फडकं काही त्यांनी सोडलं नाही. त्यांचा मुलगा अभय पुण्याहून आला. गुरुवारी ऑपरेशन ठरलं. घराची आणि फाटकाची किल्ली माझ्याकडे राहिली.

बुधवारी संध्याकाळी मी शेडवर गेलो. पाइप पायरीवर तसाच उलटा, खडखडीत कोरडा. उचलला, जागेवर बसवला, नळ्या जोडल्या, झाकण लावलं. आता पाणी भरायचं म्हणून वळलो तेवढ्यात अभयचा फोन — रक्ताची बाटली लागणार, तुमचा गट कुठला? तसाच फाटकाला कुलूप घालून निघालो. पाणी राहिलं ते राहिलंच.

गुरुवारी रेश्मा आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता औंधजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हा संच तिच्या शाळेसाठीच होता. तिला नको म्हणायला फोन केला तर ती एसटीत बसून विट्याच्या पुढं आली होती. म्हटलं, ये, पटकन दाखवतो आणि हॉस्पिटलला जातो.

दुपारचे बारा-सव्वाबारा. फाटकाचं कुलूप मीच काढलं. शेडमध्ये आलो, फॅन लावला. त्या फॅनपुढं बुडबुड्यांचा आवाज काय, माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सवयीनं वर बघितलं. फडकं खिळ्यावर. बटण दाबलं.

शपथेवर सांगतो, त्या क्षणी काही खटकलं नाही. दहा महिन्यांची सवय, आणि मन सगळं ऑपरेशनपाशी.

ज्योत पेटली. रेश्मा ती बघायला इतकी वाकली की तिचा चेहरा पाइपापासून वीतभर. "सर, रंगच दिसत नाही हिला." ज्योत लहान कशी होते ते दाखवायला मी करंट कमी केला. गॅसचा जोर कमी पडला आणि ज्योत आत शिरली.

ठप्प.

झाकण पत्र्यावर आपटलं आणि आम्ही दोघं नखशिखांत भिजलो. रेश्मा आधी दचकली, मग तोंड पुसत हसायला लागली. "सर, हेपण दाखवायचं होतं का?"

मीही हसलो. म्हटलं, "बघ, यासाठीच असतं आतलं पाणी. ते नसतं तर..."

पाण्याचं काय झालं होतं ते मला तेव्हा आठवलं. स्टुलावर बसलो. मग उठून फडक्याला हात लावला. ते वरच्या खिळ्याला, उडालेल्या पाण्यापासून चांगलं लांब होतं. तरी पिळून पाणी निघेल इतकं ओलं. हिरवा काठ. कोपऱ्याला लाल रफू.

बाहेर आलो. मे महिन्यातली दुपार, फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. त्या तापलेल्या फरशीवर शेडच्या दारापासून विहिरीपर्यंत थेंबांची एक ओळ होती. माझ्या डोळ्यांसमोर एकेक थेंब वाळत चालला होता. विहिरीशी कडीची बादली जागेवर टांगलेली, आणि तिची दोरी टोकापासून वर कितीतरी हात ओली.

रेश्मा मागून आली. "सर, काय झालं? पाणी तुम्हीच भरलं असेल ना?"

"मी नाही भरलं."

"मग?"

"मग माहीत नाही."

विद्यार्थ्याला असं उत्तर देऊन पुढं 'उद्या बघून सांगतो' न जोडण्याची माझी ही पहिलीच वेळ.

ते फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी रिक्षात बसलो. तुम्ही या धाग्याचे जुने वाचक, तुम्हाला माहीत आहे अशा गोष्टींत पुढं काय होतं. माणूस त्याच वेळी गेलेला असतो. हसत वाचलेल्या त्या सगळ्या गोष्टी मला रिक्षात आठवल्या. फक्त काकू राहू देत, एवढंच म्हणत होतो. कुणाला म्हणत होतो, विचारू नका.

काकू होत्या. ऑपरेशन नीट झालं होतं. अकराला आत नेलं, दीडला बाहेर आणलं, अजून गुंगीत होत्या. मी अभयला सहज विचारल्यासारखं विचारलं, आईचं गाळणं कुठंय?

"सकाळी उशीखालीच होतं की. आत नेताना नर्सनं माझ्याकडं दिलं, मी पिशवीत टाकलं." त्यानं पिशवी उपसली. चादर, तांब्या, जपमाळ... फडकं नाही. "पडलं आसंल कुठंतरी," तो म्हणाला. त्याला आईपुढं दुसरं काही सुचत नव्हतं. माझ्या पिशवीतलं मी बाहेर काढलं नाही. काढलं असतं तर ते कुठं मिळालं हेही सांगावं लागलं असतं.

तर आता शक्यता. एक, मीच पाणी भरून विसरलो. असेन, पण मग हॉस्पिटलातलं फडकं? दोन, अभयनं आणून भरलं. तो सकाळपासून ऑपरेशन थिएटरच्या दारातून हलला नव्हता. तीन, शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणी. फाटकाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि पाइपात पाणी लागतं हे काकू आणि मी सोडून इथं कुणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी काकू शुद्धीवर होत्या. चेहरा उतरलेला, पण नजर तीच.

"मास्तर, आलासा?"

"काकू, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं."

"कवा? मला न्हाई बा आठवत." आठवत होतं, चांगलं आठवत होतं.

मग मी ते फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्यानं काठ चाचपला, रफू चाचपलं. "ओलं ऱ्हायलंय," म्हणाल्या. आणि मग, "जिवाणी हिरीत सोडली न्हवं? का वरनंच वतली?"

फरशीवरची ती ओळ आणि बादलीची ओली दोरी माझ्या डोळ्यांसमोर आली. त्याबद्दल मी कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

"खाली सोडली, काकू. पार पाण्यापर्यंत."

"मग झालं," म्हणाल्या आणि डोळे मिटून निवांत झोपल्या.

आता, मीच पाणी गाळून भरलं असं समजून त्यांनी विचारलं असेल. असंच असेल. पुढं मी त्यांना खोदून विचारलेलं नाही. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि मिळेल असंही वाटत नाही.

काकू आता वॉकर घेऊन अंगणात फिरतात. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत काठीवर येतील. रेश्माच्या शाळेत संच चालू आहे. झाकण उघडून डोळ्यांनी पाणी बघितल्याशिवाय बटण नाही, हा तिथला पहिला नियम. तरी तिनं पाइपाच्या वर भिंतीत एक खिळा ठोकून घेतलाय, कशाला ते मी विचारलं नाही.

काकूंच्या घरचं पाणी हल्ली मी गाळतो. रोज सकाळी. काकू विहिरीपाशी खुर्ची टाकून बसतात आणि चुका काढतात. परवा मला शाळेच्या कार्यक्रमाला उशीर होत होता, बादली जरा घाईनं खाली सोडली, तर मागून आवाज आला.

"दमानं, मास्तर. जीव हायती त्यात."

मी दोरी हळू केली.