अक्कांच्या ओट्यावरचं भजन

मी पेटी वाजवते हे तुम्हां दोघा नातवंडांना ठाऊक आहे, पण कुठे वाजवते ते मी कधी सांगितलं नाही. आम्ही तिघं आहोत: मी, शाळेपासूनची माझी एक मैत्रीण, जी गाते, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक तबलजी. शनिवारी संध्याकाळी आम्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातो आणि तासभर गाणं-बजावणं करतो. आम्ही तिघंही सत्तरी ओलांडलेले आहोत, पण ‘म्हातारी माणसं’ आम्ही दुसऱ्यांनाच म्हणतो.

शिस्त माझ्याकडे आहे. आमच्या इंग्रजी शाळेत गायनाला सगळ्या मुली एकसारख्या पोशाखात उभ्या राहायच्या, ते मला फार आवडायचं. म्हणून मी ठरवलं, आपणही एकच रंग घालायचा. पांढरा.

“वहिनी, पांढरा?” तबलजी म्हणाले. “आपण काय दवाखान्यात कामाला हाय का?”

“पांढरा प्रसन्न दिसतो,” मी म्हटलं.

“डागही प्रसन्न दिसतात त्यावर,” मैत्रीण म्हणाली. पण पांढरं काहीतरी प्रत्येकाच्या कपाटात निघतंच, त्यामुळे माझा मुद्दा मान्य झाला.

नवी पेठेच्या मागच्या एका गल्लीत एक बाई राहतात. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. एके काळी त्यांच्या हातची शेंगाचटणी दुकानांत जायची. यजमान गेले आणि अक्कांनी दार लावून घेतलं. दूध खिडकीतून, भाजी खिडकीतून. लोक भेटायला आले, दार उघडलं नाही, मग लोकही यायचे थांबले. त्यांची भाची माझ्याकडे आली. म्हणाली, “दादानं, म्हणजे आत्याच्या मुलानं, ठरवलंय, पुढच्या महिन्यात येऊन आत्याला बंगळूरला न्यायचं. ती घराबाहेरच पडत नाही म्हटल्यावर तो तरी काय करणार? आणि तिला जायचं नाहीये. रात्रंदिवस तेवढंच म्हणते, मला हितनं हलवू नका. पण दार काही उघडत नाही.”

तेव्हा काम सोपं होतं. अक्कांना दाराबाहेर काढायचं.

शनिवारी आम्ही पेटी आणि तबला रिक्षातून उतरवून दार वाजवलं. खिडकी बोटभर उघडली.

“मला कायबी नको. भांडी मागल्याच महिन्यात घेतली.”

“आम्ही विकायला नाही आलो,” मी म्हटलं. “गाणं म्हणायला आलोय.”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

“मी कवा मागवलं?” आणि खिडकी बंद.

मी ठरलेला कार्यक्रम रद्द करणारी बाई नाही. आम्ही त्यांच्याच ओट्यावर सतरंजी पसरली. माझ्या यादीत पहिलं गाणं चांगलं उडत्या चालीचं होतं, पण मैत्रीण म्हणाली तिचा गळा अजून तापला नाही, आधी काहीतरी संथ घेऊ. तिने घेतलं ते भजन देह कसा नाशवंत आहे आणि सगळं इथेच टाकून कसं जायचं आहे, या विषयावर होतं. ते रंगलं मात्र छान.

पहिल्या कडव्यालाच फळवाल्याने गाडी थांबवून टोपी काढली. समोरच्या शिंप्याने शटर अर्धं खाली ओढलं. मला वाटलं, काय रसिक गल्ली आहे! बायका डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि खाली बसल्या. एकीने डोळे पुसले. माझ्या पेटीने कुणाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मी भाता आणखी जोरात हलवला.

तेवढ्यात एक गृहस्थ शेवंतीचा हार घेऊन आले. सत्कार! मी वाजवता वाजवता मान थोडी पुढे केली. ते माझ्या शेजारून गेले, हार बंद दाराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि हात जोडून बाजूला उभे राहिले.

“वहिनी,” तबल्यावरचा हात न थांबवता तबलजी माझ्याकडे वाकून पुटपुटले, “ही माणसं मयताला आलीत.”

मी आमच्याकडे पाहिलं. पांढरी साडी, पांढरी साडी, पांढरा सदरा. बंद दार. नाशवंत देह. पेटी माझ्या हातून आपोआप थांबली. आता उठून काय सांगायचं याचे शब्द मी जुळवत होते, पण गाणं थांबल्यामुळे बायकांना बोलायला मोकळीक मिळाली.

“परवाच खिडकीत दिसल्या हुत्या की.”

“लई सोसलं बिचारीनं.”

“हात काय हुता पन चटणीला!”

“हुता, हुता,” कोपऱ्यावरच्या घरातली एक जाड चष्म्याची बाई म्हणाली. “शेवटी शेवटी शेंगा जरा जास्त भाजायच्या, एवढंच. जळकट लागायची. आता गेलेल्या मानसाचं काय बोलायचं!”

कडी इतक्या जोरात सरकली की तबलजी दचकले. दार सताड उघडलं.

“जळकट?” अक्का म्हणाल्या.

दोन बायका किंचाळल्या. फळवाला गाडी सोडून पळाला, आणि मग संत्र्यांची आठवण येऊन परत आला.

“अक्का! तुमी हाय?” चष्म्याची बाई उठता उठता परत खाली बसली.

“हाय की! मला काय धाड भरलीय? तू ते सोड. जळका वास कुटं आला तुला, ते सांग. वीस वरसं वाटीभर चटणी फुकट न्हेलीस, तवा न्हाय आला?”

“तसं न्हाय, अक्का...”

“कसं न्हाय? समद्यांम्होरं म्हन्लीस की!” अक्का उंबरा ओलांडून बाहेर आल्या, माझ्या पेटीला वळसा घालून पायऱ्या उतरल्या आणि थेट गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. “आन हार कुणी आणला ह्यो? शिळा हाय! मेलेल्या मानसाला शिळा हार?”

हारवाले गृहस्थ म्हणाले, “एवढ्या घाईत ताजा कुटनं आणू?”

“घाई कुणाला हुती? मला तर न्हवती.”

आता गल्ली हसायला लागली. पदर खाली आले, शटर वर गेलं. दोन बायका अक्कांच्या बाजूने, एक जाड चष्म्याच्या बाजूने, असे पक्ष पडले. शेंगा लोखंडी कढईत भाजाव्यात की पितळी, इथपर्यंत वाद पोचला. आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मैत्रीण म्हणाली, “गळा आत्ता कुठे तापलाय गं माझा.”

एवढ्यात घरात फोन वाजायला लागला.

“ओ पेटीवाल्या बाई,” अक्का तिथूनच ओरडल्या, “बघा जरा कोन हाय. मला हितं काम हाय.”

मी आत गेले. फोन खिडकीजवळच्या खुर्चीवर पडला होता, म्हणजे त्या सगळा वेळ तिथेच बसून ऐकत होत्या. बंगळूरहून त्यांचा मुलगा बोलत होता. अनोळखी आवाज ऐकून तो घाबरला.

“कोण बोलतंय? आई कुठाय? बरी आहे ना?”

“बऱ्या आहेत,” मी म्हटलं. “पण आत्ता फोनवर येऊ शकत नाहीत. बाहेर आहेत.”

“बाहेर म्हणजे? दवाखान्यात?”

“नाही हो. गल्लीत. भांडताहेत.”

मी फोन दाराकडे धरला. अक्का कुणाला तरी सांगत होत्या की उद्या सकाळी शेंगा घेऊन ये, तुझ्या डोळ्यांदेखत भाजून दाखवते, मग बोल.

“कुणाशी भांडतीये?” मुलाने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

“सगळ्यांशीच.”

“मग बोलवू नका तिला,” तो म्हणाला. “मी थांबतो. फोन तसाच धरा जरा.”

मी दारात उभी राहून फोन धरला. हात अवघडला तसा दुसऱ्या हातात घेतला.